हातभर फीत

सुरतेला कोणी फिरायला जात नाही. लग्नाचा बस्ता बांधायला जातात, नाहीतर बहिणीकडे बारशाला. मी गेले ती ऐंशीला टेकलेल्या एका जर्मन गृहस्थांना घेऊन, अर्धवट पत्ता हाती असलेली एक बाई शोधायला. पुण्यात ज्याला सांगावं तो आधी हसायचा आणि मग विचारायचा, "मग, सापडली का बाई?" सापडली. तेव्हापासून हा प्रवास मी बऱ्याच जणांना तोंडी सांगितला, पण सांगताना दर वेळी काही ना काही गाळते असं माझ्या लक्षात आलं. गाळण्याने काय होतं ते त्या चार-पाच दिवसांत मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून आता सगळं लिहूनच काढते.

मी पुण्यात जर्मन शिकवते. प्रोफेसर एमिल रोटमान यांचं पत्र माझ्या हाती पडलं तेव्हा बर्लिनची भिंत पडून चार-पाच वर्षं झाली होती. हे भिंतीच्या पूर्वेकडचे. संगीताचे अभ्यासक, स्वतः संगीतकार. तीसेक वर्षांपूर्वी ते एक अवजड टेपरेकॉर्डर घेऊन खानदेशात आले होते आणि पारोळ्याजवळच्या एका खेड्यात त्यांनी जात्यावर दळणाऱ्या बाईचं गाणं टेप करून नेलं होतं. बाईचं नाव त्यांच्या वहीत होतं, गोदाबाई. त्या चालीवर त्यांनी पुढे एक मोठं समूहगान रचलं. ते त्यांच्या देशातल्या कारखान्याकारखान्यांत गायलं गेलं, शाळेतल्या मुलांना पाठ असायचं. पत्राच्या शेवटी होतं, "त्या बाईंना यातलं काहीच माहीत नाही. माझे दिवस थोडे उरले आहेत. त्यांचा आवाज त्यांना परत द्यायचा आहे. माझ्याबरोबर याल का?"

मी त्या गावच्या शाळेला पत्र टाकलं. गुरुजींनी उलट टपाली कळवलं की गोदाबाईचं घर कधीच सुरतेला गेलं, मुलगा बमरोलीला यंत्रमागावर आहे, गोदाबाई आहेत. 'आहेत' या शब्दाखाली गुरुजींनी रेघ मारली होती. प्रोफेसर आले तेव्हा श्रावण नुकताच लागला होता.

गुरुवार, अडाजण

सुरतेत अडाजणला माझा मावसभाऊ राहतो, बँकेत आहे. बावीस वर्षं तिथे राहून त्याची बायको, आमच्या नंदावहिनी, मूळच्या साताऱ्याच्या असूनही आमटीत गूळ घालताना हात आखडत नाहीत. जर्मन पाहुणा येणार म्हणून त्यांनी खास ब्रेड आणून ठेवला होता. पाहुण्याने ब्रेडकडे पाहिलंही नाही. कोपऱ्यावरून आणलेला गरम लोचो, म्हणजे सैलसर ढोकळाच, त्यावर तेल, शेव, कांदा आणि ती हिरवी तिखट चटणी, असं सगळं त्यांनी चाटूनपुसून खाल्लं. मग पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि नाक लाल करून आणखी मागितलं.

"चालशे!" वहिनी म्हणाल्या. "माणूस आपल्यातला आहे."

पण बमरोलीचं नाव काढताच त्यांचा चेहरा पडला. "तिकडे कशाला ताई? सगळी कारखान्यांची वस्ती. पाहुण्यांना बारडोलीला न्या, साखर कारखाना दाखवा, ऊस खाऊ द्या. बावीस वर्षांत आम्ही काही पांडेसऱ्याच्या पुढे गेलो नाही."

"तिथे आपलीच मराठी माणसं आहेत ना, वहिनी?"

"आहेत की," असं म्हणून त्या पोळ्या लाटायला आत गेल्या. मला टोमणा मारायचा होता, पण मी स्वतः तरी पुण्यात कुठे कुणाच्या वस्तीत जाते, हे आठवून गप्प बसले.

संध्याकाळी प्रोफेसरांना तापीवर नेलं. पाऊस थांबून आभाळ तांबूस झालं होतं, नदी फुगलेली आणि गढूळ, आणि पलीकडचा काठ धुरकट होऊन पाण्यातच विरघळत होता. अशा वेळी माणसं आपोआप हळू बोलतात. मी त्यांना सांगितलं की आमच्या महाराजांनी हे शहर लुटलं होतं, आणि अजून वहिनींच्या शेजारणी त्यांना गमतीत विचारतात, "आज शुं लूंटी लाव्या?"

प्रोफेसर हसले नाहीत. "मी खानदेश लुटला," ते म्हणाले. "फौज नव्हती. फक्त मी आणि टेपरेकॉर्डर."

मग त्यांनी आपली कहाणी सांगितली. वडील विणकर, गिरणीच्या गावातले. पंधराव्या वर्षी हा मुलगा कामगारांच्या गायनमंडळात पियानो वाजवायला लागला. नाझी आले तेव्हा पत्रकं वाटताना पकडला गेला आणि वर्षभर तुरुंगात राहिला. तिथे शीळ घालायलाही बंदी होती, म्हणून मनात चाली रचायच्या आणि बोटांनी गुडघ्यावर ताल धरायचा. सुटल्यावर इंग्लंडला पळाले, हॉटेलात भांडी घासली. युद्ध संपलं तेव्हा मित्र म्हणाले, इथेच राहा. हे परतले. नवा देश उभा करायचा होता, तिथे कष्टकऱ्यांचं राज्य येणार होतं आणि त्या राज्याला गाणी लागणार होती. यांनी ती रचली. देश चाळीस वर्षं टिकला आणि एका हिवाळ्यात गेला. त्यांच्या संगीतसंस्थेला कुलूप लागलं, फितींची खोकी बोळात येऊन पडली. त्यातलं एक खोकं त्यांनी सायकलला बांधून घरी आणलं. तेच आता अडाजणला वहिनींच्या पलंगाखाली होतं.

"वाईट वाटतं?" मी विचारलं.

"देशाचं वाटतं. पण झोप उडते ती त्यामुळे नाही. मी आयुष्यभर लिहिलं की कष्टाचं गाणं सगळ्यांचं असतं. आता लोक ते गाणं ऐकून हसतात. हसू देत. मला फक्त एवढं समजायला हवं की मी त्या बाईकडून जे घेतलं, ते नेमकं काय होतं."

एवढ्याशा उत्तरासाठी हा माणूस या वयात बर्लिनहून सुरतेला आला होता. मला तेव्हा ते थोडं वेडेपणाचं वाटलं.

शुक्रवार, बमरोली

रिक्षावाला बमरोलीच्या तोंडाशी थांबला आणि प्रोफेसर उतरायच्या आधीच कान टवकारून बसले. दोन्ही बाजूंच्या शेडमधून मागांचा आवाज येत होता. रस्ता, भिंती, चहाच्या टपरीवरचे पेले, सगळं त्याच तालात थरथरत होतं. मला दोन मिनिटांत डोकं धरायची वेळ आली. प्रोफेसर मात्र डोळे मिटून म्हणाले, "माझे वडील घरी आल्यावरही मोठ्याने बोलायचे. आम्हाला वाटायचं, रागावलेत." आणि ते त्या चिखलातून, चप्पल रुतवत, झोपेत चालल्यासारखे निघाले. एक चप्पल रुतून राहिली ती राहिलीच. पुढचं सगळं बोलणं त्यांनी एका पायात मोजा घालून केलं.

गोदाबाईंचं घर म्हणजे चाळीतल्या दोन खोल्या. मुलगा भिका रात्रपाळी करून येऊन झोपला होता. सून सिंधू गहू निवडत होती. रविवारी कानबाई बसणार होती, खानदेशी घरातला सगळ्यात मोठा सण. घर सारवल्यासारखं लख्ख, भांडी घासून उन्हात पालथी. वस्तीत सगळे त्यांना गोदामाय म्हणत. साठीच्या असतील. नऊवारी, कपाळावर मोठं गोंदण, आणि माणसाला आरपार पाहणारे डोळे. त्यांनी प्रोफेसरांना खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"हाऊ तोच का?" त्या मला म्हणाल्या. "तवय याना माथाले केस व्हतात."

मी ते जर्मनमध्ये सांगितलं. प्रोफेसरांनी टक्कल चाचपलं आणि दोघंही हसली. चहा आला. सुनेने मला सणाची पद्धत सांगितली, कारण मी विचारलं आणि पुण्याच्या बाईला एवढंही माहीत नाही याची तिला मजा वाटली. कानबाईच्या प्रसादाला रोट लागतो. त्यासाठी भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाची, म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्यापर्यंत, सव्वा मूठ गहू घ्यायचे. ते घरच्या जात्यावर दळायचे. आणि त्यांच्या घरची रीत अशी की दळणारी बाई ओवी म्हणते आणि एकेका मुठीला एकेकाचं नाव घेते, म्हणजे त्याचं वर्ष सुखाचं जातं. तो रोट फक्त भाऊबंदांनीच खायचा. बाहेरच्याला चिमूटही देत नाहीत. आमच्याकडे प्रसाद म्हणजे रस्त्यावरच्यालाही हाक मारून द्यायचा, त्यामुळे मला हे नवलाचं वाटलं.

"कोण दळतं तुमच्याकडे?"

"मीच दयस," सिंधू म्हणाली. "आत्याबाई जाताले हात लावत नहीत. गानं बी म्हनत नहीत." आत्याबाई म्हणजे सासू. गोदामाय ऐकून न ऐकल्यासारखं करत होत्या.

मग प्रोफेसरांनी थैलीतून छोटा कॅसेट रेकॉर्डर काढला. मूळ फितीवरून त्यांनी कॅसेट करून आणली होती. बटण दाबलं आणि जात्याची घरघर, तिच्यावर तरुण, भरलेला, जरा अनुनासिक आवाज खोलीत आला. दारात बायका जमल्या. "मायनं शे!" कुणीतरी ओरडलं. भिका झोपेतून उठून उंबऱ्यात येऊन बसला. बाहेर शेकडो माग चालले होते आणि तरीही खोलीत तेवढं एक जातं ऐकू येत होतं.

गोदामाय आधी तोंडाला पदर लावून लाजल्या. मग त्यांनी उजवा हात मांडीवर उघडा ठेवला आणि बोटं मोजायला उचलली. अंगठा करंगळीवर टेकून राहिला. ओवी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. अंगठा जागचा हलला नाही. गाणं संपायच्या आत त्या उठल्या आणि मागच्या मोरीत जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासायला लागल्या.

प्रोफेसर माझ्याकडे पाहायला लागले.

पाचेक मिनिटांनी त्या ओल्या हातांनी आल्या आणि सरळ त्यांच्यासमोर बसल्या. "नावं कोठे शेतस?" त्यांनी विचारलं. "मी नावं लिधी व्हतीत. एकेक मूठले एकेक नाव. हाई तं नुसतं गानं शे. नावं कोठे गयीत?"

मी भाषांतर केलं. प्रोफेसरांचा चेहरा पांढरा पडत गेला. ते हळूहळू म्हणाले, "मी कापली. कात्रीने. प्रत्येक ओवीनंतर त्या थांबून काहीतरी बोलायच्या, त्याने ताल तुटायचा. मला शुद्ध कामाचं गाणं हवं होतं. एका घरातली नावं मला, कसं सांगू, लहान वाटली. मला ते गाणं सगळ्या जगाचं करायचं होतं."

हे मी गोदामायना सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि मग बोलल्या. मुलाच्या, सुनेच्या देखत त्या हे पहिल्यांदाच बोलत होत्या, हे मला नंतर सिंधूकडून कळलं.

"मन्हा मोठा आंडोर व्हता, रघू. पाच वरीसना. त्या कानबाईले हाऊ बाबा समोर बठेल व्हता. मशीनमां हिरवा डोया चमके. मन्हं ध्यान तठेच. मंग पौषमां रघूले ताप ऊना आन तीन दिनमां गया. सासू बोलनी, तू त्यानं नाव चुकाडं. मशीनकडे देखत बठनी आन पोरनं नाव चुकाडं." त्यांनी श्वास घेतला. "लिधं व्हतं का नही, मले याद नही. तीस वरीस याद करी ऱ्हायनी."

भिकाने मान खाली घातली. त्याला एक मोठा भाऊ होता एवढंच माहीत होतं, बाकी काही नाही.

इथे मी एक गोष्ट केली, ती कबूल करते. मी प्रोफेसरांना एवढंच सांगितलं की त्यांना एक नाव ऐकायचं आहे. मुलाचं गाळलं. म्हाताऱ्या माणसाला कशाला, असं वाटलं. परतताना रिक्षात ते मला सारखे विचारत राहिले, "कुणाचं नाव? त्या मोरीत का गेल्या?" शेवटी उधन्याजवळ मी सगळं सांगितलं. ते एकदम माझा दंड धरून म्हणाले, "फ्राउ सुमती, आम्ही जर्मन लोक काही टाकून देत नाही."

शनिवार, भागळ

खोक्याच्या झाकणाला आतून एक तपकिरी पाकीट चिकटवलेलं होतं. त्यावर त्यांच्याच अक्षरात, शाई विटलेली, 'व्यत्यय' असं लिहिलं होतं. आत फितीचे सात तुकडे होते, प्रत्येक साधारण हातभर लांब. वाळून कडक झालेले, कोणता पहिला कोणता शेवटचा काही कळू नये असे. वहिनी पोळीचं पीठ हाताला तसंच ठेवून बघायला आल्या. मी त्यांना गोष्ट सांगितली. त्या पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "मी पण येते."

प्रश्न होता मशीनचा. असली फीत वाजवायला जुनं स्पूलचं मशीन लागतं, आणि कॅसेटच्या जमान्यात ते कुठून आणायचं? इथे वहिनींची बावीस वर्षं कामाला आली. भागळला एक जयंतीभाई आहेत, नवरात्रात गरब्याला साउंड लावतात, त्यांच्याकडे भंगारात काय नाही ते विचारा, असं त्यांनीच सुचवलं. निरोप पोचताच भिकाने सकाळची झोप सोडून आईला आणि सिंधूला आणलं. जयंतीभाईंच्या दुकानात भोंगे, वायरी आणि फुटके रेडिओ यांमध्ये आम्ही सगळे कसेबसे मावलो. गोदामायना स्टूल मिळालं.

"आवो आवो, बेसो," जयंतीभाई म्हणाले. तुकडा उजेडात धरून त्यांनी मान हलवली. "आ तो बहु जूनी पट्टी छे." पण माळ्यावरून त्यांनी धूळ खात पडलेलं मशीन काढलं, फीत वाचणारी डोकी स्पिरिटने पुसली आणि पट्टा बदलला. तुकडे जोडायचं काम प्रोफेसरांनी कुणाला करू दिलं नाही. जोडायची चिकटपट्टी आणि छोटी कात्री ते बर्लिनहून घेऊनच फिरत होते. प्रत्येक जोडाला ते श्वास धरायचे आणि मीही त्यांच्याबरोबर धरत होते.

मशीन सुरू झालं. एक खरखर, आणि मग तरुण गोदाबाई म्हणाली, "मामाजी." सासऱ्याचं नाव सून घेत नाही, म्हणून तेवढंच. स्टुलावरच्या गोदामायचा अंगठा करंगळीवरून पुढे सरकला. "घरना धनी." दुसरं बोट. मग जेठ, म्हणजे मोठा दीर. मग नामा, म्हणजे धाकटा दीर. मग सुका, जेठाचा मुलगा. मग "भिका, मन्हा भिका," आणि उंबऱ्यात उभा असलेला तिशी उलटलेला भिका दचकला. सहा झाले. एक तुकडा उरला होता.

सातव्यातून आवाजच नीट आला नाही. कुणी तोंडात पाणी धरून बोलावं तसं काहीतरी बुडबुडलं आणि फीत संपली. गोदामायनी डोळे मिटून घेतले. "नहीच लिधं," त्या म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात. तीस वर्षं ज्याची भीती होती ते एकदाचं कळलं, असं. सिंधूने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

जयंतीभाई मात्र मशीनवर वाकले होते. "ऊभा रो, ऊभा रो," ते म्हणाले. "ऊंधी लागी गई छे." तुकडा उलटा जोडला गेला होता, शेपूट पुढे आणि तोंड मागे. प्रोफेसरांनी घाईघाईने तो सोडवला, फिरवला, पुन्हा जोडला. पहिल्यांदा त्यांच्या घामाने पट्टी चिकटेना. वहिनींनी आपल्या पदराने त्यांची बोटं पुसली.

बटण दाबलं.

"रघू," फितीतली बाई म्हणाली. "मन्हा सोनाना रघू."

आणि तिच्या पाठोपाठ, अगदी जवळून, खुदकन हसत एक लहान मुलगा म्हणाला, "ओ माय!"

मुलगा तिथेच होता, आईच्या मांडीला टेकून बसला असेल, आणि आपलं नाव ऐकून त्याने ओ दिली होती. त्या एका हाकेमुळेच तो तुकडा सगळ्यात आधी कापला गेला असणार. प्रोफेसर भिंतीला धरून खाली बसले. "मुलाचा आवाज मध्ये आला, म्हणून," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मुलाचा आवाज मध्ये आला, म्हणून."

"परत लाव," गोदामाय म्हणाल्या. जयंतीभाईंनी परत लावलं. परत. किती वेळा ते मी मोजलं नाही. जयंतीभाई दर वेळी फीत मागे घ्यायचे, आणि डोळे पुसायला त्यांना हात मोकळा मिळेना. वहिनी उघड उघड रडत होत्या.

मग गोदामाय प्रोफेसरांकडे वळल्या. "तीस वरीस हाई तुन्हा घर पडेल व्हतं?"

हे वाक्य सौम्य करून सांगावं असं माझ्या मनात आलं. या वेळी मी काही गाळलं नाही, जसंच्या तसं सांगितलं. प्रोफेसरांनी मान डोलावली. "हो," ते म्हणाले. "माझ्याकडे. पाकिटात." आणि मग त्यांनी क्षमा मागितली. जर्मनमध्ये क्षमा मागायचे शब्द आहेत, ते मी मुलांना पहिल्याच वर्षी शिकवते. त्या दिवशी ते मला भाषांतर करवेनात. गोदामायनी माझी वाट पाहिलीच नाही. "बठ, बठ," त्या त्यांना म्हणाल्या, जरी ते बसलेलेच होते. क्षमा केली असं त्या म्हणाल्या नाहीत. "हाई मले दे," एवढंच म्हणून त्यांनी फितीकडे बोट दाखवलं.

जयंतीभाईंनी आधी सगळ्याची कॅसेट करून घेतली. मग प्रोफेसरांनी कात्री उचलली आणि नुकताच जोडलेला तो हातभर तुकडा पुन्हा कापला. आयुष्यभर फिती जपणाऱ्या माणसाने मूळ फीत अशी सहज देऊन टाकली. गोदामायनी ती बोटाभोवती गुंडाळली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली. जयंतीभाईंनी पैसे घेतले नाहीत. "आमां शेना पैसा," म्हणाले.

रविवार, बमरोली

सकाळी आम्ही गेलो तर जात्यापाशी सिंधूच्या जागी गोदामाय बसल्या होत्या. समोर परातीत गहू. शेजारपाजारच्या बायका जरा लांबच उभ्या होत्या. गोदामायनी प्रोफेसरांना पाहून मानेनेच बसायची खूण केली.

"मशीन आनेल शे का?"

आणलं होतं, पण काढायचं धाडस त्यांना होत नव्हतं.

"लाव. पन आते काही कापू नको."

हे मला भाषांतर करून सांगावं लागलं नाही. त्यांनी मशीन जमिनीवर ठेवलं आणि बटण दाबलं. गोदामायनी खुंट्याला हात घातला. तीस वर्षं बंद असलेला आवाज आधी खोकल्यासारखा आला, मग थोडा फाटला, आणि तिसऱ्या ओवीला मोकळा झाला. मामाजी आता नव्हते, धनीही नव्हते. पण भिका होता, त्याचे दोन मुलगे होते, नामा आणि नामाचे नातू होते, घर वाढलं होतं. एक मूठ, एक ओवी, एक नाव. मी डोळे मिटले. मला वाटलं मी त्या खेड्यातच आहे आणि बाहेर शेतं आहेत, मागांचा आवाज म्हणजे कुठेतरी चाललेली मोट.

भिकाच्या नावाआधी त्यांचा हात थांबला. मेलेल्या माणसाच्या नावाने गहू घेत नाहीत, तशी रीत नाही. रिकामं जातंही फिरवायचं नसतं. त्या नुसत्या थांबल्या, एक मूठ दळायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ. सिंधूला वाटलं थकल्या, ती पुढे झाली. गोदामायनी डाव्या हाताने तिला अडवलं. मग पुन्हा जातं फिरलं आणि त्यांनी भिकाचं नाव घेतलं.

दुपारी पुरणपोळी, रशी, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी असं जेवण झालं. रशी म्हणजे आमची कटाची आमटी, पण आमचीने लाजून घरी जावं इतकी झणझणीत. प्रोफेसर घाम पुसत जेवले. रोट मात्र देव्हाऱ्यापाशी झाकून ठेवला होता. गोदामायनी स्वतःच सांगितलं, "बाबा, रोट तुले देता येत नही. तो आमनासनाच."

मी चाचरत भाषांतर केलं, पाहुण्यांना वाईट वाटेल म्हणून. प्रोफेसरांचा चेहरा मात्र उजळला. "मी आयुष्यभर लिहीत आलो की सगळं सगळ्यांचं आहे," ते म्हणाले. "कुणी एकदा तरी मला सांगायला हवं होतं, हे तुझं नाही." आणि त्यांनी आणखी एक पुरणपोळी मागून घेतली.

सोमवार, तापीकाठ

सकाळी कानबाई निघाली. नथ घातलेली, दागिन्यांनी मढवलेली देवी पाटावर, पाट सिंधूच्या डोक्यावर, पुढे डफ, मागे बायकांच्या फुगड्या. बमरोलीपासून नदीपर्यंत सगळा खानदेश रस्त्यावर आला होता. आमच्याकडे गणपतीला वाजतगाजत जातात, पण तिथे पुढे बाप्ये असतात. इथे रस्ता बायकांचा होता. नंदावहिनी अडाजणहून रिक्षाने आल्या होत्या आणि अर्ध्या वाटेत चपला हातात घेऊन त्यांनी फुगडीही घातली. प्रोफेसरांनी भिकाच्या जुन्या चपला घातल्या होत्या, दोन बोटं आखूड.

तापीवर झिरमिर पाऊस होता. सिंधू कमरेइतक्या पाण्यात उतरली. गोदामाय काठावर उभ्या राहिल्या आणि त्यांचा हात पदराच्या गाठीवर गेला. मला वाटलं, आता ती फीत सोडून देणार, कानबाईबरोबर. मी मनातल्या मनात त्याचं वर्णनही जुळवायला लागले होते. त्यांनी गाठ फक्त चाचपली, ती घट्ट आहे ना ते पाहिलं, आणि पदर कमरेला खोचून घराकडे वळल्या.

पुण्यात

चार महिन्यांनी बर्लिनहून एक कॅसेट आली, त्या रविवारच्या दळणाची. सोबत चिठ्ठी होती. ते समूहगान पुन्हा गायचं म्हणून एका छोट्या गायनमंडळाने त्यांच्याकडे परवानगी मागितली होती, आणि त्यांनी आपले शब्द काढून टाकून फक्त चाल आणि एक मोकळी जागा ठेवली होती. 'त्या जागी काय करायचं, असं तरुण मंडळी विचारतात,' त्यांनी लिहिलं होतं. 'मी सांगतो, थांबा.' त्यानंतर पत्र आलं ते त्यांच्या पुतणीचं. ते मी एकदाच वाचलं.

कॅसेट मात्र मी अधूनमधून लावते. त्यात काहीही कापलेलं नाही. माझी शिंक आहे, बाळाचं रडणं आहे, प्रोफेसरांचं खोकणं आहे, कुकरची शिट्टी आहे. भिकाच्या नावाआधी जातं थांबतं. मग काही क्षण नुसते माग ऐकू येतात, बमरोलीचे, एका तालात. तिथे काही नाही हे मला माहीत आहे. तरी दर वेळी त्या जागी मी हातातलं काम ठेवते आणि कुणी ओ देतंय का, ते ऐकत बसते.